मूळ संख्यांचा बहार

यंदा बागेला पाणी सोडलं आणि बघता बघता झाडं तांबूस झाली. पाणी तोडून ताणावर ठेवलं की डाळिंबाच्या झाडाकडं बघवत नाही. पानं गळून नुसत्या काटेरी फांद्या उरतात. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, ही बाग गेली. मग ठिबकच्या नळ्या फुसफुसायला लागतात, माती गडद होते, कोवळी पालवी फुटते आणि तिच्यामागून कळ्या येतात. दसऱ्याच्या आगेमागे दरवर्षी हे असंच होतं, आणि पहिली कळी दिसली की दरवर्षी माझ्या तोंडात आपोआप आकडे येतात. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. ओळीतून चालताना मी पुटपुटत असते. नव्यानं कामाला आलेल्या बायकांना वाटतं, वहिनी जप करतात. मी त्यांना सांगत बसत नाही.

त्याला कारण एकच बहार. त्या वर्षी आमच्या वस्तीवरच्या घरात दोघी शाळकरी होत्या. मुलगी पाचवीला आणि मी दहावीला.

माझं माहेर लोणी भापकरचं. आमची जमीन जिरायती, ज्वारी-बाजरीची. माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, वर्षातला निम्मा काळ आभाळाकडं बघत असायचे. मी दहावीला गणितात नापास झाले, तेव्हा घरात कुणी रागावलं नाही, कुणी हात उगारला नाही. एकदा पुन्हा बसून बघ, असंही कुणी म्हटलं नाही. मलाही ते सुचलं नाही. इंदापूरकडचं स्थळ आलं. तात्या म्हणाले, "पाण्याखालची जमीन हाय, माणसं बरी हायती." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. मी सुखानं नांदले, प्रणाली झाली, बाग लावली. नापास झालेलं वर्ष जुन्या साडीसारखं घडी घालून तळाशी गेलं. ते वर काढायची वेळ माझ्या मुलीनं आणली.

पाचवीच्या पालकसभेला गेले होते. वर्गशिक्षिका जगताप बाई शिष्यवृत्तीच्या परीक्षेबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी प्रणालीला जवळ घेतलं आणि विचारलं, "सांग बरं, पंधरा मूळ संख्या का संयुक्त?"

प्रणाली जराही न लाजता म्हणाली, "बाई, मला गणित येत न्हाय. आमच्या मम्मीला बी येत न्हवतं. ती गणितातच नापास झालेली."

डोळे आईसारखे घारे आहेत, हे सांगावं, तितक्या सहज तिनं सांगितलं. त्यात दुःख नव्हतं आणि खंतही नव्हती. आईकडून जे आलं ते आलं, त्याला कोण काय करणार, असा तो सूर होता. बाकीच्या आया हसल्या, मीही हसले. पण वस्तीकडं चालत येताना तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. मी नापास झाले ते माझ्यापुरतं, असं इतकी वर्षं धरून चालले होते. ते कधी मुलीच्या हातात गेलं, मला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मी एकटी परत गेले. "बाई, मला दहावीला बसायचंय," म्हणाले.

जगताप बाईंनी का, कशाला, आता कशासाठी, यातलं काही विचारलं नाही. बाहेरून बसायचं तर सगळेच विषय पुन्हा द्यावे लागतील, एवढं सांगितलं. मग फळ्यावर एक वर्गसमीकरण लिहिलं आणि खडू माझ्या हातात दिला. मी तशीच उभी राहिले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जशी उभी राहायचे, अगदी तशी.

"बरं, ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "इथं फक्त अशा दोन संख्या हव्यात, ज्यांचा गुणाकार चोवीस आणि बेरीज अकरा. चोवीसचे विभाजक सांगता येतील?"

"म्हणजे?"

"चोवीसला कशाकशानं पूर्ण भाग जातो? बाकी न उरता?"

"दोननं जातो. बारानं..." पुढं मला काही सुचेना.

बाईंनी फळा पुसला. त्या म्हणाल्या, "वैशालीताई, तुमचं दहावीचं गणित बिघडलेलं नाही. ते पाचवीत अडकलंय. विभाजक, विभाज्य, मूळ संख्या हा एक धडा तुमचा राहिलाय. त्याच्यापुढं तुम्ही नुसत्या बाकावर बसून होतात."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला एकदम मोकळं वाटलं. इतकी वर्षं वाटायचं, माझ्या डोक्यातच काहीतरी कमी आहे. डोकं कुठून बदलून आणणार? बाई म्हणत होत्या, धडा कमी आहे. धडा शिकता येतो.

घरी सांगितलं तेव्हा प्रणालीचे पप्पा फवाऱ्याचं नोझल साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "बस की." सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना मात्र ते पटलं नाही. "आता पोरगी शिकायची का आई? लोकं काय म्हनतील? आन् पास होऊन कुठं जायचंय तुला?" मी भाकरी थापत राहिले.

तो हिवाळा मला वासांनी आठवतो. फवाऱ्याचा उग्र वास, चुलीवरच्या पाण्याला येणारा धुराचा वास, रस्त्यानं कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्यांचा गोडसर ओला वास. आणि विरळणीचा तुरट वास. डाळिंबाच्या एका झुपक्यात तीन-तीन, चार-चार फळं धरतात. सगळी ठेवली तर एकही नीट पोसत नाही. म्हणून लिंबाएवढी झाली की एक ठेवायचं आणि बाकीची कात्रीनं काढून टाकायची. झाडाखाली हिरव्या-लाल बोंडांचा सडा पडतो. ती बोंडं कुणाच्या उपयोगाची नसतात. त्या वर्षी ती आमच्या उपयोगाला आली.

जगताप बाईंनी सांगितलं होतं, पाठ करू नका, मांडून बघा. मग मी घमेलंभर बोंडं ओट्यावर आणायची आणि आम्ही मायलेकी समोरासमोर बसायचो. बारा बोंडं घेतली. तीनच्या चार ओळी झाल्या. मोडल्या, दोनच्या सहा झाल्या. सगळ्यांची एकच लांब ओळही झाली. म्हणजे बाराचे विभाजक एक, दोन, तीन, चार, सहा, बारा. मग प्रणालीनं आणखी एक बोंड ठेवलं आणि आम्ही ओळी करायला लागलो. दोनच्या केल्या, एक उरलं. तीनच्या केल्या, एक उरलं. चारच्या केल्या, तरी एक उरलंच. पाचच्या केल्या तर तीन उरली. तेराची एकच सरळ ओळ होत होती, दुसरी कुठलीच मांडणी होत नव्हती.

"ही मूळ संख्या, मम्मी," प्रणाली म्हणाली. "हिला एकनं भाग जातो नाहीतर तिच्या तिनंच. बाकी कुणाचं ऐकत न्हाय."

आत्या खांबाला टेकून शेंगा फोडत होत्या. लक्ष नाही असं दाखवत होत्या, पण होतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग एक कोन? त्यो मूळ का दुसरा?"

प्रणालीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आम्ही दोघींनी पुस्तक उघडलं. एक ही संख्या मूळही नाही आणि संयुक्तही नाही, असं तिथं लिहिलं होतं. वाचून दाखवल्यावर आत्या म्हणाल्या, "बरं हाय की बेण्याचं. कुनातच न्हाय." आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. त्या दिवसापासून बोंडांचं घमेलं बागेतून ओट्यावर आत्या आणून ठेवायला लागल्या.

पटींचं गणित आम्हाला प्रणालीच्या पप्पांनी शिकवलं, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. खत सोडायचं दर चौथ्या दिवशी आणि फवारणी दर सहाव्या दिवशी, असं त्यांचं चाललं होतं. एक दिवस दोन्ही कामं एकदम आली आणि ते वैतागले, "आजच कसं दोन्ही आलं?" प्रणाली ताटावरून ओरडली, "पप्पा, चारच्या पटीत बारा येतो आणि सहाच्या पटीत बी बाराच येतो! आता चोवीसाव्या दिवशी पुन्हा येणार!" त्यांनी घास हातातच धरला. मग मला म्हणाले, "बरोबर हाय का गं ही?" मला विचारलं! गणितातलं, आणि मला! मी ताठ बसून म्हणाले, "बरोबर आहे. लसावि म्हणतात त्याला."

सकाळी प्रणालीला शाळेत सोडायला रस्त्यापर्यंत जायचे. उसानं भरलेले ट्रॅक्टर एकामागं एक जात असायचे, मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर गाणी लावलेली. त्यांच्या पाट्यांवरच्या आकड्यांना आम्ही कसोट्या लावायचो. शेवटी सम अंक असला की दोन सुटला, म्हणजे दोननं भाग जातो. शून्य किंवा पाच असला की पाच सुटला. अंकांची बेरीज करून तीनची पट आली की तीन सुटला. ट्रॅक्टर वळणाआड जायच्या आत सांगायचं, असा नियम होता. सुरुवातीला प्रणाली जिंकायची. नंतर मीही जिंकायला लागले, आणि मग तिला राग यायचा. गणितात हरल्याचा राग येणारी मुलगी बघून मला इतका आनंद व्हायचा, की मी तो पदराआड लपवायचे.

एक मात्र सलत होतं. मोठी संख्या मूळ आहे का हे बघताना थांबायचं कुठं? एकदा मी एक्याण्णवला मूळ म्हणून बसले. सम नाही, तीननं भाग जात नाही, पाचनं जात नाही, संपलं. प्रणाली घमेलं ओतून मांडायला बसली. बराच वेळ लावून तिनं तेरा-तेराच्या सात ओळी मांडल्या. चौकोन पुरा झाला, एकही बोंड शिल्लक राहिलं नाही.

"सातला विसरलीस, मम्मी."

मग मी घाबरून सत्त्याण्णवला सगळ्यांनी भागायला लागले. अकरानं, तेरानं, सतरानं, एकोणीसनं. पानंच्या पानं भरायची, आणि परीक्षेत एवढा वेळ कुठून येणार?

ते उत्तर मला बागेत मिळालं. विरळणीचं शेवटचं काम चाललं होतं. ऊन छान कोवळं होतं, हातात कात्री होती, डोक्यात सत्त्याण्णव होतं. ओट्यावरचा तो चौकोन डोळ्यांपुढं होता. चौकोनाला दोन बाजू असतात. विभाजक एकटा कधी येत नाही, जोडीनं येतो. एक बाजू लांब झाली की दुसरी आखूडच होणार. दोन्ही बाजू दहापेक्षा मोठ्या धरल्या, तर बोंडं शंभराच्या वर जातील. म्हणजे शंभराच्या आतल्या संख्येचा चौकोन होत असेल, तर त्याची एक बाजू दहाच्या आतच सापडली पाहिजे. दोन, तीन, पाच, सात. एवढेच चार बघायचे! या चौघांनी भाग गेला नाही, तर पुढं कुणीच भागणार नाही. अकराला विचारायची गरजच नाही.

मी मोठ्यानं ओरडले, "सत्त्याण्णव मूळ आहे!"

पलीकडच्या ओळीतून प्रणालीचे पप्पा धावत आले. त्यांना वाटलं, साप निघाला. मी रडत होते आणि हसत होते. "मला कुणी सांगितलं नाही, माझं मलाच कळलं," एवढंच म्हणत राहिले. नंतर जगताप बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी ते आधीपासून ठाऊक असल्याचं जाणवू दिलं नाही. "कसं सुचलं, सांगा ना," म्हणाल्या आणि खुर्ची पुढं ओढून शेवटपर्यंत ऐकलं. शिक्षक म्हणून त्या किती मोठ्या आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर वर्गसमीकरणं सुटायला लागली. अगदी सगळी नाही. भूमितीची प्रमेयं मला शेवटपर्यंत जड गेली. पण कागदावर आकडा दिसला की पूर्वी जो काळोख व्हायचा तो होईना. आकड्याच्या जोड्या दिसायच्या.

फेब्रुवारीत प्रणालीची शिष्यवृत्तीची परीक्षा झाली. मार्चमध्ये माझी आली, आणि नेमका बीजगणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन आला. माल उद्याच तोडायचा, गाडी सकाळी येतेय. आमच्याकडं माल निवडायचं काम माझं. कुठलं फळ कुठल्या प्रतीत जाईल, हे हातात घेताच मी सांगायचे. ते काम दुसऱ्या कुणावर टाकून चालायचं नाही. डागाचं एक फळ चांगल्या पेटीत गेलं, तर व्यापारी सगळा माल भाव पाडून मागायचा. प्रणालीचे पप्पा फोन हातात धरून उभे राहिले. ते नको जाऊ म्हणाले नाहीत. पण जा असंही म्हणवेना त्यांना. वर्षभराची मेहनत झाडावर लोंबत होती. मी म्हणाले, "राहू द्या. पुढच्या वर्षी देईन पेपर."

आत्या आतून बाहेर आल्या. "का रं," त्या मुलाला म्हणाल्या, "गाडी परवा येत न्हाय व्हय?"

"व्यापारी थांबत न्हाय, आई."

"मग मी बसते निवडाय. मला दिसत न्हाय व्हय? हिच्या आदी कोन बसत हुतं? तू हिला इंदापूरला सोड आन् बिगीनं माघारी ये." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आन् तू काय उभी राहिलीयास? जा, वाच."

पास होऊन कुठं जायचंय, असं विचारणाऱ्या त्याच आत्या. मी वाकून पाया पडायला गेले, तर पाय मागं घेऊन म्हणाल्या, "पाया पास झाल्यावर पड."

परीक्षा केंद्रावर मी वर्गात शिरले तशी सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, पर्यवेक्षक आल्या. मी माझा नंबर शोधून बाकावर बसले, तेव्हा शेजारची मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. मग हळूच म्हणाली, "काकू, ऑल द बेस्ट." पेपरमध्ये वर्गसमीकरण होतं. गुणाकार बहात्तर, बेरीज सतरा. मी समासात जोड्या लिहीत गेले. एक बहात्तर, दोन छत्तीस, तीन चोवीस, चार अठरा, सहा बारा, आठ नऊ. आठ आणि नऊ सतरा. पेन खाली ठेवून मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कडुलिंबाच्या झाडाला नवी पानं आली होती. मनात आलं, एवढंच होतं का ते? एवढ्यासाठी मी इतकी वर्षं मान खाली घालून चालत होते?

प्रणालीचा निकाल आधी लागला. शिष्यवृत्ती हुकली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. थोडी रडली, मग प्रश्नपत्रिका काढून बसली आणि कुठं चुकलं ते शोधायला लागली. गणितात तिला सगळ्या विषयांहून जास्त गुण होते. "आठवीला पुन्हा असते ना ही परीक्षा?" तिनं विचारलं. माझ्यासाठी तिचा निकाल तिथंच लागला.

माझ्या निकालाला मोबाईलभोवती सगळे बसले होते. पास! गणितात त्रेपन्न. आत्यांनी साखरेचा डबा काढला. प्रणालीची बोटं मात्र चालली होती. दोननं नाही, तीननं नाही, पाचनं नाही, सात साता एकोणपन्नास, सात आठे छप्पन्न. "मम्मी, त्रेपन्न मूळ आहे!" असं ओरडून ती अंगणात धावली. पास झाल्यापेक्षा तिला त्याचाच जास्त आनंद.

त्या आठवड्यात मी लोणी भापकरला गेले. तात्या घरापुढच्या सोप्यात बसले होते. त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि सांगितलं. त्यांनी तो खाल्ला नाही, नुसता धरून राहिले. मग म्हणाले, "तवा मी एक वर्स थांबाय पायजे हुतं, वैशू. गडबड किली मी."

या माणसाच्या तोंडून असं काही येईल, हे मी स्वप्नातही धरलं नव्हतं. राग असता तर त्या क्षणी गेला असता, पण राग नव्हताच. मी त्यांच्याजवळ बसले. "तात्या, मला अकरावीला नाव घालायचंय. बारामतीला चौकशी करायला जायचंय. तुम्ही येता माझ्यासंगं?"

ते उठले. खुंटीवरची टोपी घेतली, धोतर झटकलं. एसटीत माझ्या शेजारी बसले. खिडकीतून वारा येत होता आणि त्यांनी टोपी हातानं धरून ठेवली होती.

कॉलेजच्या खिडकीपाशी मुलामुलींची रांग होती. आमचा नंबर आला, तसं आतल्या क्लार्कनं तात्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आजोबा, नातीचं अ‍ॅडमिशन का? नात कुठंय?"

"नात न्हाय," तात्या म्हणाले. "लेकीचं हाय. ही माझी लेक."

क्लार्क हसला नाही. त्यानं अर्ज भरायला दिला, आणि मी भरून परत केला, तेव्हा एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथं पालकांची सही राहिली. ताई, तुमचं लग्न झालंय, मिस्टरांची आणली तरी चालेल. नाहीतर तुमची तुम्ही केलीत तरी..."

तात्यांनी खिडकीतून हात आत घातला. "पेन द्या हिकडं," ते म्हणाले. मग कागद कठड्यावर नीट सरळ केला आणि रांगेतल्या पोरांना थांबवून, एकेक अक्षर कोरत, माझा बाप म्हणून सही केली.